मदत हवी आहे: ऊसतोडीला गेल्यावर सिकलसेलच्या गोळ्या सुटतात
नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसोबत काम करते. त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यावी लागते, मध्येमध्ये रक्ततपासणीही. पावसाळाभर नीट चालतं. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती होळीला परततात. तोवर गोळ्या कधीच संपलेल्या, आजाराचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. लोकांना आस्था नाही, हे मला अजिबात पटत नाही. पहाटे अंधारात कोयता घेणारी बाई दवाखान्यात कधी जाणार? तपासणीशिवाय तीन-चार महिन्यांच्या गोळ्या एकदम देणंही धोक्याचं. मजूर नेणाऱ्या मुकादमाला सांगायचं, तर आजार कळून उचल (आगाऊ रक्कम) बुडेल ही भीती. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राशी जोडून कुणी पाठपुरावा टिकवलाय का? तिकडे या लोकांची पावरी बोली बोलणारं माणूस कसं मिळवलंत? कृपया सविस्तर सांगा.