पुरुषोत्तम करंडकाला (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) आपल्या कॉलेजसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, टीममधला एकही ओळखीचा नाही. हे टाजफेलचंच ना?

एसवाय_सायको: लेक्चरला मानसशास्त्रज्ञ टाजफेलचा ब्रिस्टॉलचा प्रयोग झाला, १४-१५ वर्षांची शाळकरी पोरं, क्ले का कांडिन्स्की, कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडतात विचारलं आणि त्यावरून ग्रुप पाडले असं सांगितलं, खरं तर कोणालाही कुठेही टाकलं होतं. मग दुसऱ्या पोरांमध्ये पैसे वाटायला लावले. ग्रुपात बाकी कोण ते माहीत नाही, स्वतःला एक पैसा मिळणार नाही, तरी आपल्या ग्रुपला झुकतं माप. का पण? आणि इकडे मी, भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी बघायला गेलो तर 'आवाज कुणाचा'ला सगळ्यात जोरात मीच, आणि दुसऱ्या कॉलेजची एकांकिका भारी होती तरी बाहेर येऊन म्हणालो लायटिंग गंडलं.

कर्वेरोड: त्यातला तक्ता बघ रे, खरी गंमत तिथे आहे. आपल्या ग्रुपमधल्या एकाला किती नि समोरच्या ग्रुपमधल्या एकाला किती, अशा जोड्यांतली एक निवडायची. एका टोकाला आपल्यातल्याला ७ नि समोरच्याला १, दुसऱ्या टोकाला आपल्याला १९ पण समोरच्याला २५, मधे १३-१३. सरळ व्यवहार बघितला तर १९ घ्यावेत, आपल्याच माणसाला जास्त मिळतायत ना! पण पोरं १३ च्या अलीकडे सरकली, म्हणजे कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्या वर पाहिजे. अगदी ७-१ पर्यंत सहसा गेली नाहीत हं, दोघांना सारखं वाटून द्यायची ओढ पण होतीच. टाजफेल-टर्नरने १९७९ ला मांडलं ते हेच, 'मी कोण'चा एक भाग ग्रुपमधून येतो आणि तो चांगला दिसायला तुलनेला कोणीतरी लागतं. तुझं लायटिंग त्यातलंच 😄

पेठेतली: थांबा जरा, पुरुषोत्तम म्हणजे मिनिमल ग्रुप, म्हणजे टाजफेलसारखा नुसता नावापुरता ग्रुप, नव्हे. आयकार्ड, कट्टा, सीनियर्सनी पाठ करून घेतलेल्या घोषणा, आधीच्या करंडकांच्या गोष्टी, टाजफेलने नेमकं हेच सगळं काढून टाकलं होतं. तुला मानसशास्त्रज्ञ चाल्डिनीचा १९७६ चा अभ्यास जास्त लागू पडेल. अमेरिकेत युनिव्हर्सिटीची टीम जिंकली की सोमवारी पोरं युनिव्हर्सिटीचं नाव असलेले कपडे जास्त घालून यायची, आणि बोलताना जिंकलो तर 'आपण', हरले तर 'ते'. आणि जोरात ओरडणं म्हणजे समोरच्याचा द्वेष नाही, मॅरिलिन ब्रूअर या मानसशास्त्रज्ञ बाईने आपल्यांवरचं प्रेम नि समोरच्यांचा द्वेष हे दोन वेगळे धरलेत, पेपरात एकत्र कालवू नकोस.

ढोलवाला: १९७३ ला बिलिग आणि टाजफेलने पोरांना सांगूनसवरून नाणेफेकीवर ग्रुप पाडले, तरी तेच. चित्रकार निमित्तालाच. आमच्या ढोल पथकात तर नवीन पोरगं टिळा लावून कंबरेला ढोल बांधतं आणि त्याच संध्याकाळी समोरच्या पथकाचा ताशा बेसूर ठरवतं.

एसवाय_सायको: मग प्रोजेक्टला फायनलनंतर कट्ट्यावर बसून 'आपण' नि 'ते' मोजू का?

पेठेतली: मोज, पण कोणाचं बोलणं रेकॉर्ड करणार असशील तर संमती घे, आणि त्या दिवशी स्वतः ओरडू नकोस.

एसवाय_सायको: ते अवघड आहे.