मुद्रित आवाज आणि आपण : अनुभव धागा

ध्वनिमुद्रणातला स्वतःचा आवाज अनोळखी वाटल्याचा प्रसंग ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांनी तो इथे लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो. वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा मी चौथीत होतो. एकोणतीसचा पाढा म्हणून कॅसेट मागे फिरवली, तर आतून पातळ, किनरा आवाज आला आणि हा मी नव्हेच, म्हणून मी अडून बसलो. मात्र त्याच कॅसेटवर आलेली आजीची हाक हुबेहूब तिचीच होती, आणि माझ्या आवाजाबद्दलही घरातले सगळे तेच सांगत होते.

*

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो : एक हवेतून, बाहेरून कानात शिरणारी, आणि दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आंतरकर्णापर्यंत जाणारी. या दोन्हींचा वाटा साधारण सारखाच असल्याचे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९४९ मध्ये मांडले होते. पुढे १९६१ मध्ये श्रवणावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळाले. हाडांतून खालच्या पट्टीची कंपने अधिक पोहोचतात, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. मायक्रोफोनला मात्र हवेतलाच आवाज मिळतो. रुग्णांना मी दोन्ही कानांत बोटे घालून ओठ मिटून सूर धरायला सांगतो. बाहेरची वाट बंद होऊनही तो सूर मंदावत नाही, उलट डोक्यात घुमू लागतो, आणि पुढे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

*

गुरुजींनी रियाज मोबाईलवर मुद्रित करून ऐकण्याचा नेम घालून दिला. पहिले काही आठवडे मला ते ऐकवत नसे, कारण गाताना भारदस्त लागलेला खर्जाचा सा ऐकताना नाकात अडकलेला आणि किंचित उतरलेला आढळे. आज मी मुद्रणावरच विश्वास ठेवते. श्रोत्यांपर्यंत तेच पोहोचते.

*

२०२० च्या टाळेबंदीत मुलांसाठी धडे मुद्रित करावे लागले. रोज ऐकून ऐकून दिवाळीपर्यंत तो आवाज माझा झाला.

*

घरी फोन मी उचलला की पलीकडून आईलाच हाक मारत आणि मला राग येई, कारण आमच्या आवाजात मला काहीच साम्य जाणवत नसे. आई जाऊन चार वर्षे झाली. गेल्या महिन्यात भाचीला पुरणपोळीची कृती सांगणारा व्हॉइस मेसेज पाठवला आणि तो सहज पुन्हा लावला, तेव्हा “कणीक सैलच भिजव” हे वाक्य मला आईच्या आवाजात ऐकू आले. त्या दिवशी मी तो मेसेज आणखी तीनदा ऐकला.