मदत हवी आहे: लाइन आणि आर्क जॉइन होत नाहीत, लेझरवाला फाइल परत पाठवतोय

चिंचोळी_माग
दोनदा फाइल परत आली. ‘कंटूर ओपन आहे’, म्हणजे कापायची रेषा कुठेतरी तुटलीये, एवढंच म्हणतात. स्क्रीनवर सगळं बंद दिसतंय, कितीही झूम केलं तरी. सुटे तुकडे एक करायला पीएडिट करून जॉइन दिलं की खाली ‘० सेगमेंट्स अ‍ॅडेड’ येतं. सात लाइन, पाच आर्क, बस्स. मागाच्या साइड फ्रेमची ब्रॅकेट आहे, माग परवापासून उभा आहे आणि सहानंतर लेझरवर दुसरा जॉब चढणार. लवकर सांगा कोणीतरी.

सातरस्ता
सॉफ्टवेअर कुठलं? व्हर्जन? शेप कशावरून काढलाय, मापं घेऊन की कोणाच्या फाइलवरून?

चिंचोळी_माग
ऑटोकॅड २०१८. मापं बरोबर आहेत, मापांचा प्रश्नच नाही. जॉइन का होत नाही ते सांगा.

पीलाइन_पक्का
लाइन आणि आर्क सुटे काढायचेच कशाला? पीएल एंटर, म्हणजे पीलाइन, सगळे तुकडे मिळून एकच सलग रेषा. सरळ भाग काढा, वळण आलं की ए, परत सरळ आलं की एल. आर्क आधीच्या रेषेला स्पर्श करूनच सुटतो. तसा नको असेल तर डी देऊन दिशा दाखवा, त्रिज्या माहीत असेल तर आर. उलटीकडे फुगला तर कंट्रोल दाबून धरा. एक लक्षात ठेवा, आर्कमध्ये असताना सीएल दिलं तर शेवटची बाजू आर्कनेच बंद होते. सरळ हवी असेल तर आधी एल, मग सी. बारा वर्षं मी असंच काढतोय, जॉइन करायची वेळच येत नाही.

अक्कलकोट_रोड
हे प्लॉटच्या नकाशाला ठीक आहे. मशीनच्या पार्टला आर्कचं टोक कुठे येणार हे आधी माहीतच नसतं. दोन लाइन काढा, फिलेटला (कोपरा गोल करणारी कमांड) त्रिज्या द्या, स्पर्शबिंदू तो स्वतः काढतो. दोन भोकांना जोडणारं वळण असेल तर सर्कलमध्ये टीटीआर, म्हणजे दोन स्पर्श आणि त्रिज्या देऊन वर्तुळ, आणि मग जास्तीचं ट्रिम. पीलाइनने अंदाजे वळण काढून पार्ट बसत नाही, रिजेक्शनचा ढीग बघितलाय मी.

पीलाइन_पक्का
अंदाजे कोण म्हणालं? त्रिज्या आणि कोन आकडे टाकूनच देतो मी. आणि फिलेट पीलाइनवरही चालतो, पी दिलं की सगळे कोपरे एकदम.

अक्कलकोट_रोड
सगळ्या कोपऱ्यांना एकच त्रिज्या असेल तर. ब्रॅकेटला कधी असते का?

डीएक्सएफ_वाचक
पीलाइनमधला आर्क फाइलमध्ये कसा साठतो ते समजलं तर गोंधळ होत नाही. त्रिज्या साठतच नाही. डीएक्सएफ फाइलच्या कोड ४२ मध्ये बल्ज (फुगवटा) असतो, म्हणजे आर्कच्या कोनाच्या चौथ्या भागाचा टॅन्जंट. अर्धवर्तुळाला १, काटकोनी वळणाला ०.४१४२, सरळ रेषेला ०. उणे आलं तर घड्याळाच्या दिशेने.

चिंचोळी_माग
सर, हे मी विचारलंच नाही. साडेचार वाजले.

सातरस्ता
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. कोणाच्या फाइलवरून काढलंय का? एक लाइन सिलेक्ट करून लिस्ट द्या आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका.

चिंचोळी_माग
पार्टीने पाठवलेल्या थ्रीडीवर एंडपॉइंट पकडून ट्रेस केलंय, सगळे तसंच करतात. लिस्टमध्ये एका टोकाला झेड (उंची) ०, दुसऱ्या टोकाला झेड १०.

सातरस्ता
सापडलं. तुमची प्लेट १० मिमीची ना? वरून बघताना वरची कड आणि खालची कड एकावर एक दिसते. स्नॅपने (टोक आपोआप पकडणारी सोय) कधी वरची पकडली, कधी खालची. तुम्हाला जी टोकं चिकटलेली दिसतायत त्यांच्यात १० मिमीचं अंतर आहे, तेही उभं. टॉप व्ह्यूमधून कितीही झूम करा, दिसणार नाही. सगळं एका पातळीत आल्याशिवाय जॉइन होणार नाही. प्रॉपर्टीजमध्ये लाइनचे स्टार्ट झेड, एंड झेड ० करा, आर्कचा सेंटर झेड ०. मग जॉइन.

नवी_पेठ
एवढं कशाला दादा? फ्लॅटन द्या, सगळं एका पातळीत आणायची कमांड, एका झटक्यात होतं.

सातरस्ता
फ्लॅटन एक्स्प्रेस टूल्समध्ये येतं, ते टाकलेलं नसेल तर मिळत नाही. बाराच वस्तू आहेत, हाताने केलेलं बरं. कुठली कशी होती ते नजरेखालून जातं.

पीलाइन_पक्का
आणि हेच मी सांगत होतो! पीलाइनने काढलं असतं तर पहिल्या बिंदूची पातळी सगळ्या शेपला लागली असती, पुढच्या टोकांचा झेड तो घेतच नाही. हा घोळ झालाच नसता.

अक्कलकोट_रोड
ही गोष्ट मान्य. फिलेटचं माझं म्हणणं तसंच आहे.

चिंचोळी_माग
झेड ० केले. आता ‘११ सेगमेंट्स अ‍ॅडेड’ आलं! पण प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड समोर ‘नो’ आहे. हे काय आता?

सातरस्ता
तिथेच ‘येस’ करू नका, बारीक तुकडा तयार होतो आणि लेझर तिथे टोचा मारतो. अंडू करा, सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे झूम करा.

चिंचोळी_माग
मिळालं. खालच्या भोकाजवळ लाइन आर्कच्या ०.०४ अलीकडे थांबलीये. ग्रिप (टोकावरचा चौकोन) ओढून आर्कच्या एंडपॉइंटवर ठेवली, परत जॉइन केलं, क्लोज्ड ‘येस’. फाइल पाठवली, आत्ताच ‘ओके, लावतो’ आलं. सर, तुमचे फार उपकार झाले.

सातरस्ता
चांगलं झालं. ओव्हरकिल (डुप्लिकेट रेषा काढणारी कमांड) पण चालवून घ्या, एका लाइनखाली दुसरी असेल तर तीच कड दोनदा कापली जाते. आणि पुढच्या वेळी थ्रीडीवरून ट्रेस करण्याआधी ओस्नॅपझेड १ करा, म्हणजे स्नॅप कुठलीही कड पकडो, झेड चालू पातळीचाच राहतो.

नवी_पेठ
ओस्नॅपझेड माहीतच नव्हतं. झेडडब्ल्यूकॅडमध्ये (मी वापरतो ते दुसरं कॅड) आहे का हे? माझ्याकडे टॉवेलच्या मागाचा कॅम पडलाय, त्याला स्प्लाइन (त्रिज्या बदलत जाणारी वक्र रेषा) आहे आणि लेझरवाला स्प्लाइन घेत नाही.

अक्कलकोट_रोड
त्याला वेगळा धागा काढा. आणि फाइल कुठून आली ते पहिल्याच ओळीत लिहा.