महागडं घड्याळ रोज घालताय का? चऱ्यांची धास्ती कशी घालवली?

पेठकर_निळी_डायल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतःचं काही विचारतोय. दिवाळीत ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० घेतलं, ४२ मिमी, निळी डायल, स्टीलचं ब्रेसलेट. कॉलेजपासून डोक्यात बसलेलं घड्याळ, हप्त्यावर नाही, पैसे बाजूला टाकत टाकत घेतलंय त्यामुळे जीव अडकलाय त्यात. रोज घालायचं हे घ्यायच्या आधीच ठरलं होतं. पण होतंय काय, ऑफिसात लॅपटॉप उघडला की घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये, पार्किंगमधून स्कूटर काढायची तर हात आखडून, घरी ओट्यापाशी जायचं तर परत काढा. परवा खिडकीत उजेडात धरलं तर क्लास्पवर (पट्ट्याच्या कडीवर) बारीक रेघांचं जाळं आणि केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, चकचकीत कडेवर एक चरा, नख फिरवलं तर लागतो. तेव्हापासून वेळ बघायला गेलो तरी नजर तिथेच जाते. बायको म्हणते घाल बिनधास्त, आणि मलाही खरंच तसंच घालायचंय, पण जमत नाहीये.

जे रोज वापरतात त्यांना विचारतो, या काचेला चरा पडतो का, हा चरा आत्ताच पॉलिश करून घेऊ का, आणि ती पारदर्शक फिल्म मिळते ती सगळीकडून लावली तर उपयोग होतो का?

काटा_आणि_चक्र

अभिनंदन, फार देखणं घड्याळ आहे. आधी कुठे काय मटेरियल आहे ते बघू म्हणजे निम्मी भीती जाईल. काच सॅफायरची आहे, मोह्सच्या मापावर कठिणता ९, हिऱ्याची १०. किल्ल्या, नाणी, लोकलचा दांडा, जिन्याचं रेलिंग यातलं काहीही तिला चरत नाही. फक्त या मॉडेलच्या काचेला दोन्ही बाजूंनी अँटी-रिफ्लेक्टिव्ह (चकाकी कमी करणारं) कोटिंग असतं आणि बाहेरचं कोटिंग काचेइतकं कठीण नसतं, त्यामुळे पुढे कधी काचेवर रेघ दिसलीच तर बहुतेक ती कोटिंगवरची असेल, काच आत शाबूत असते. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कड, सिरॅमिकचं, त्यालाही चरा पडणं जवळजवळ अशक्य, पण सिरॅमिक ठिसूळ. फरशीवर पडलं तर तडा जाईल किंवा टवका उडेल. म्हणजे काच आणि बेझल या दोन ठिकाणी चऱ्याची काळजी सोडून द्या, घड्याळ हातातून पडू नये एवढंच बघा.

राहिलं स्टील. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, त्याची कठिणता ७, स्टील त्यापेक्षा मऊ. म्हणून घड्याळ कुठेही न आपटता नुसतं शर्टाच्या बाहीला पुसलं तरी सुतासारख्या बारीक रेघा येतात. ओट्याच्या ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतंच. लॅपटॉपची बॉडी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वरचा पातळ थर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, आणि सॅफायर हे त्याच ऑक्साइडचं स्फटिक, त्यामुळे टाइप करताना क्लास्पची खालची बाजू त्या कडेवर घासली की रेघा उठणारच. ज्या कोणाचं स्टीलचं घड्याळ ऑफिसला जातं त्याचा क्लास्प असाच दिसतो. सुरुवातीला एकेक रेघ वेगळी दिसते, पुढे सगळ्या मिळून एकसारखा पोत येतो आणि मग डोळा त्यातली एखादी शोधत बसत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही घड्याळ जपण्यासाठी दिवसातून इतक्यांदा काढता, घालता, ड्रॉवरमध्ये ठेवता, खिशात टाकता, खरा धोका तिथे आहे. मनगटावर असताना फार तर चरे पडतात. क्लास्प उघडताना हातातून निसटून टाइल्सवर पडलं तर बेझल फुटू शकतं, आतल्या मशिनला हादरा बसतो, आणि बाथरूममध्ये किंवा हॉटेलात काढून ठेवलेलं विसरून यायची भीती वेगळीच. मनगट ही घड्याळासाठी सगळ्यात सुरक्षित जागा आहे. काढायचे प्रसंग मोजके ठरवा, माझे म्हणाल तर जिममध्ये लोखंड उचलताना आणि घरात ड्रिल-हातोडीचं काम असताना. बाकी वेळ हातावरच. लॅपटॉपपुढे फार टोचत असेल तर हाताखाली पातळ फेल्टचं मॅट घ्या. बॅगेच्या मॅग्नेटची, टॅबच्या कव्हरची तर अजिबात काळजी नको, हे मशिन १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकक्षेत्राला टिकतं.

वृषाली_ठाणे

वरच्यांनी सगळं नीट सांगितलंय, बायकांच्या बाजूचं थोडं घालते कारण घरी कोणीतरी हे घड्याळ मागून घालेलच. सॅफायरला हिरा चरतो हे नुसतं पुस्तकात नसतं. माझ्या नणंदेच्या घड्याळाच्या काचेवर आडवी पांढरी रेघ आहे, एका लग्नात घड्याळ आणि हिऱ्याची बांगडी एकाच हातात होती, दिवसभर घासलं. तो चरा पॉलिशने जात नाही, काचच बदलावी लागते. त्यामुळे नियम एकच, बांगड्या एका हातात आणि घड्याळ दुसऱ्या. पुरुषांनीही कडं दुसऱ्या हातात घालावं, स्टीलवर स्टील घासलं की केसची कड सगळ्यात आधी खराब होते.

मी कार्टिएचं सांतोस रोज घालते, ऑफिस, लोकल, स्वयंपाक सगळीकडे, कणीक मळताना तेवढं काढते. त्याचं बेझल पूर्ण चकचकीत पॉलिशचं आहे आणि त्यावर पहिल्याच महिन्यात रेघा आल्या. खूप लागलं होतं मनाला. आता ते बेझल उन्हात धरलं तर भरपूर रेघा आहेत आणि संध्याकाळी ऑफिसातून निघताना घड्याळाकडे बघून अजूनही तेवढंच छान वाटतं. पहिला चरा जड जातो दादा, दहावा दिसतसुद्धा नाही, थोडा वेळ द्या स्वतःला.

भोसरीकर

वडील फिटर होते, एचएमटी हातात घालून आयुष्यभर मशिनवर काम केलं. काच अ‍ॅक्रिलिकची, धूसर झाली की टूथपेस्ट लावून फडक्याने घासायचे, परत लख्ख. केसवर चिकार पोचे होते, त्यांनी कधी मोजले नाहीत. घड्याळ आजही रोज चावी दिली की चालतं. घाला राव.

मिनिटकाटा_कोल्हापूर

आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आजोबांपासून, म्हणून पॉलिशच्या प्रश्नावर मीच लिहितो. आत्ता पॉलिश अजिबात करू नका. पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचं धातू चऱ्याच्या खोलीपर्यंत खरवडून काढणं. नखाला लागणारा चरा काढायचा तर तेवढं स्टील सगळ्या कडेवरून जाणार. सीमास्टरचे लग्ज (पट्टा जोडायचे केसचे कोपरे) बघा, पिळदार आहेत, ब्रश केलेला, म्हणजे बारीक समांतर रेघांचा, भाग आणि चकचकीत भाग यांच्यामध्ये एक धारदार रेषा आहे, त्या रेषेनेच घड्याळाला चेहरा येतो. बफच्या चाकावर अननुभवी हाताने धरलं की पहिली तीच रेषा वितळल्यासारखी गोल होते, आणि एकदा गेली की परत आणणं महाकठीण. आमच्याकडे अशी घड्याळं येतात, चरा एक नाही पण लग्ज झिजून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेले, ते बघून वाईट वाटतं. जुनी घड्याळं जमवणारे लोक म्हणूनच पॉलिश न झालेल्या केसला जास्त पैसे मोजतात, भले चरे असोत.

सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा काउंटरवर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी फुल सर्व्हिसमध्ये पॉलिश धरलेलंच असतं. नको असेल तर जॉब कार्डवर तसं लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगून ठेवू नका. एखादा फारच खोल घाव असेल तर लेझर वेल्डिंगने तिथे धातू भरून मग घासतात, ते काम चांगलं होतं पण महाग, आणि तुमच्या चऱ्याला त्याची गरज नाही. क्लास्पचा ब्रश केलेला भाग हवं तर पुढे कधीतरी परत ब्रश करून घेता येतो, तिथे धार मोडायची भीती कमी. घरी स्क्रबर घेऊन बसू नका, रेघेची दिशा जराशी चुकली तर आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.

फिल्मबद्दल माझं मत असं की क्लास्पवर लावायची तर लावा. केसवर नको. आपल्या हवेत घाम आणि धूळ तिच्या कडेखाली जाऊन काळी रेघ धरते, आणि मुळात ज्या पृष्ठभागासाठी एवढे पैसे दिले तोच झाकून ठेवायचा हे मला पटत नाही.

ज्याची काळजी खरंच करायला हवी ते वेगळंच आहे. ब्रेसलेटच्या कड्यांमध्ये घाम, मळ, धूळ साचते, त्याची खळ होते आणि ती पिनांना आतून झिजवत राहते, काही वर्षांनी ब्रेसलेट लोंबायला लागतं. हे वरून दिसत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. आठवड्यातून एकदा चावी घट्ट आहे ना बघून कोमट पाणी, साधा साबण, मऊ टूथब्रश, कड्यांच्या सांध्यांमध्ये नीट फिरवा, मग मऊ फडक्याने टिपा. आधी पाणी आणि मगच फडकं, कोरड्या धुळीवर फडकं घासू नका. आणि पट्टा घरी बदलणार असाल तर लग्जच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून घ्या, स्प्रिंग बारचं (पट्टा धरणाऱ्या पिनेचं) टूल घसरून जो ओरखडा येतो तो रोजच्या वापरातल्या कुठल्याही चऱ्यापेक्षा खोल असतो.

फ्रँकफर्टचा_मराठी

चऱ्यांचा प्रश्न जुनाच आहे आणि त्याचं एक उत्तर तर आपल्या मातीवरून निघालंय. हिंदुस्थानात असलेले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळताना घड्याळांच्या काचा फोडून घ्यायचे, त्यांच्या तक्रारीवरून १९३१ साली जेजर-लकूल्त्र (Jaeger-LeCoultre) कंपनीचं रिव्हर्सो आलं, केस सरकवून उलटी करायची म्हणजे काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर. आता काच सॅफायरची झाल्यावर तशी गरज उरली नाही.

ज्यांना स्टीलवरही चरे नकोच असतील त्यांच्यासाठी पृष्ठभाग कठीण केलेली घड्याळं मिळतात. माझ्याकडे इथल्याच झिन कंपनीचं आहे, त्या प्रक्रियेला ते टेगिमेंट म्हणतात, साध्या स्टीलची कठिणता सुमारे २२० विकर्स (धातूच्या कठिणतेचं माप) धरली तर याची १,२०० च्या आसपास. सिटिझनचं ड्युराटेक्ट त्याच वाटेवरचं. फरक खरंच जाणवतो. पण हा कठीण थर पातळ असतो, खाली पोचा पडण्याइतकं जोरात आपटलं तर तो वाचवत नाही, आणि असं घड्याळ नंतर सहज पॉलिशही करता येत नाही. पेठकर, तुम्ही वर्षानुवर्षं स्वप्न सीमास्टरचं बघितलंत, तेच घाला.

पेठकर_निळी_डायल

सगळ्यांचे मनापासून आभार. काढ-घाल करण्यातच जास्त धोका आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पॉलिशचा विचार रद्द. पुढच्या आठवड्यात तारकर्लीला जातोय, समुद्रात घालून उतरू का? आणि १० च्या जागी ती दुसरी बारकी चावी आहे तिचं काय करायचं?

मिनिटकाटा_कोल्हापूर

उतरा की, ३०० मीटरचं डायव्हिंगचं घड्याळ आहे आणि नवीन आहे म्हणजे गॅस्केटही (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) ताजी. १० वरचा तो हेलियम व्हॉल्व्ह, खोल समुद्रात दाबाच्या चेंबरमध्ये दिवसचे दिवस राहणाऱ्या डायव्हर लोकांसाठी असतो, तो आहे तसा घट्ट राहू द्या. मुख्य चावी पाण्यात जायच्या आधी एकदा बोटाने तपासा, आणि ओल्या हाताने उघडू नका. बाहेर आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याखाली धरून बेझल पूर्ण फिरवा, वाळूचा कण अडकला असेल तर टिकटिक ऐवजी करकर ऐकू येईल, मग जोर न लावता अजून पाणी सोडत फिरवायचं. वाळूत टॉवेलवर काढून ठेवू नका, हातातच राहू दे. पुढे दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या आधी पाण्याची प्रेशर टेस्ट तेवढी करून घ्या.