जुना व्हर्नियर जाहिरातीप्रमाणे निघाला नाही: परत करायचा की पाचशे घेऊन मिटवायचं?

मायक्रॉन
समजा, जुन्या व्हर्नियरच्या (जाडी-लांबी मोजायच्या कॅलिपरच्या) जाहिरातीत ‘१५० मिमी डिजिटल, ओरिजिनल जपानी, चूक ०.०२ च्या आत’ असं लिहिलंय. हातात आल्यावर ५० मिमीच्या स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यावर) तो ४९.९४ दाखवतो. विक्रेता पाचशे परत द्यायला तयार आहे. माझं मत, घेऊ नयेत. जॉ, म्हणजे वस्तू पकडणारा जबडा, टोकाशी जास्त घासलेला असतो, मुळाशी कमी. म्हणजे चूक जागेगणिक बदलते, ठरावीक आकडा मिळवून काम भागत नाही.

उद्यमनगरी
भावा, जुन्याचा जॉ घासलेला असणारच की! बार कापायला, रफ जॉबला ०.०६ नं काय बिघडतंय? आणि विक्रेता म्हणणार, तुमच्याकडं उन्हाळा आहे, पोलाद वाढलं.

मायक्रॉन
१० अंशांनी ५० मिमी पोलाद ०.००६ च्या आसपास वाढतं. ०.०६ चा हिशेब त्यात बसत नाही. शिवाय गेज आणि व्हर्नियर दोन तास एकाच सरफेस प्लेटवर (मापनाच्या सपाट पाटावर) ठेवले की दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. आधी नवी एसआर ४४ बॅटरी घाला, नाहीतर आकडे लुकलुकतात आणि विक्रेत्याला निमित्त मिळतं. जॉ पुसून पाच वेळा बंद-उघड करा, झिरो परत येतो का बघा. बंद जॉ उजेडासमोर धरा, फट दिसते का बघा. मग गेज टोकाशी आणि मुळाशी, दोन्हीकडं लावा. सीलबंद पार्सलपासून सिरियल नंबर आणि रीडिंगपर्यंत व्हिडिओ एकसलग हवा.

कलमबहाद्दर
१९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. जुना-नवा असा भेद त्यात नाही. वेगळा करार नसेल तर कलम ४३ प्रमाणे नकार कळवला की पुरे, माल पोचवून द्यायचं बंधन खरेदीदारावर नाही. पण त्या व्हर्नियरनं जॉब मोजत बसलात तर माल स्वीकारला असं धरतात.

उद्यमनगरी
कलमं ठीक. विकणारा घरगुती माणूस असला तर ग्राहक आयोगात काय उभं राहणार? त्यात खरेदी वर्कशॉपसाठी, म्हणजे ‘व्यापारी हेतू’.

कलमबहाद्दर
घरगुती विक्रेत्याबद्दल मान्य, तिथं दिवाणी कोर्टच. पण स्वतः लेथवर उभं राहून पोट भरणाऱ्याला स्वयंरोजगाराची सवलत आहे. विक्रेता धंदेवाईक असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर फोन, मग जिल्हा आयोग. खरेदीदार राहतो तिथं, म्हणजे आपल्यासाठी कोल्हापुरातच दावा चालतो. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही.

मायक्रॉन
बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. ज्या साइटवरून घेतला तिच्या परतीच्या अर्जात कारण ‘वर्णनापेक्षा वेगळी वस्तू’ निवडा. ‘नको आहे’ निवडलं की कुरिअरचा खर्च सहसा गळ्यात पडतो. पैसे साइटबाहेर थेट यूपीआयनं दिले असतील तर मात्र हा रस्ता बंद.

उद्यमनगरी
म्हणून म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावं, गेज लावून बघावं आणि मगच घ्यावा.

मायक्रॉन
ते खरेदीआधी. इथं पार्सल फुटलंय. परत पाठवताना बॅटरी काढा, जॉ मिलिमीटरभर उघडा ठेवा, लॉक स्क्रू आवळू नका. टोकं दबली तर दोष तुमच्यावर येईल.