मदत हवी आहे: 'माय फादर वर्क्स हार्डली' यात चूक काय, हे लेकीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,
लेक सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. वडिलांवर पाच ओळी लिहायच्या होत्या, त्यात तिने वरची ओळ लिहिली. बाईंनी लाल रेघ मारली, कारण काही सांगितलं नाही. लेकीचं म्हणणं, 'स्लो'चं 'स्लोली' होतं, मग 'हार्ड'चं 'हार्डली' का नाही? मी क्रियाविशेषणाचे रीतिवाचक, कालवाचक, स्थलवाचक, परिमाणवाचक असे प्रकार घडाघडा म्हणून दाखवले आणि पुढे गप्प. शिवाय ती 'शी सिंग्ज गुड' लिहिते. आणि 'व्हेरी टॉल'मधलं 'व्हेरी' क्रियाविशेषण कसं? तिथे क्रियापद कुठाय?

प्रतिसाद १
ताई, 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. बाबा कामाला हातच लावत नाहीत, असं तिने लेखी दिलंय! 'हार्ड', 'फास्ट' हे शब्द विशेषण म्हणूनही तसेच आणि क्रियाविशेषण म्हणूनही तसेच. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. उलट 'फ्रेंडली', 'लव्हली' 'ली'ची शेपटी असूनही विशेषणंच. शेपटीवर भरवसा नको.

'गुड'चा घोळ आपल्या मराठीमुळे होतो. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते': इथे 'चांगला' सांगतो गाण्याबद्दल, पण बदलतो कर्त्याप्रमाणे, अगदी विशेषणासारखा. म्हणून पोरं हमखास 'गुड' लिहितात. त्या जागी 'चांगल्या प्रकारे' घालून बघायला सांगा. 'ती चांगल्या प्रकारे गाते' चालतं, म्हणून 'वेल'. 'ती चांगल्या प्रकारे मुलगी आहे' म्हटलं की तीच हसेल, तिथे 'गुड'.

'व्हेरी'चं म्हणाल तर नावावर जाऊ नका. इंग्रजीत क्रियाविशेषण विशेषणाबद्दल आणि दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दलही सांगतं. 'खूप उंच', 'फार हळू' आपणही म्हणतोच की.

प्रतिसाद २
क्रमही बघा. आपण 'ती काल शाळेत छान गायली' म्हणतो. इंग्रजीत बहुधा उलटं: 'शी सँग वेल ॲट स्कूल यस्टरडे.' आधी कसं, मग कुठे, शेवटी कधी.

मूळ धागाकर्ती
'चांगल्या प्रकारे'ची युक्ती लागू पडली, आभार! 'हार्डली'चा अर्थ कळल्यावर लेक वही घेऊन थेट बाबांकडे. ते म्हणाले, "रविवारपुरतं बरोबर आहे." आता नवी शंका: 'ही ऑलवेज ईट्स', पण 'ही इज ऑलवेज लेट'. 'ऑलवेज' कधी आधी, कधी नंतर, असं का?

प्रतिसाद १
मुख्य क्रियापदाच्या आधी. पण 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वर' असेल तर त्याच्या नंतर. 'ऑफन', 'नेव्हर'चंही तसंच.