मदत हवी आहे: नगरच्या किल्ल्यातला बोअर युद्धकैदी आणि फिक्सबर्गच्या एका शेतकरी घराण्याची वंशावळ

नमस्कार मंडळी,

काय हवंय ते आधी सांगते, मग सविस्तर. १९०१-०२ मध्ये नगरच्या किल्ल्यात ठेवलेला एक बोअर (दक्षिण आफ्रिकेतला डच वंशाचा शेतकरी) युद्धकैदी तिथेच वारला की सुटून घरी परतला, हे मला शोधायचं आहे. नगर-भिंगारकडचं कोणी, चर्चची जुनी दप्तरं चाळलेलं कोणी, किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या वंशावळींची माहिती असलेलं कोणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

मी माहेरची नगरची. सध्या दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला राहते. इथून पूर्वेला लेसोथोच्या सीमेवर फिक्सबर्ग आहे, चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. त्या भागातल्या एका आफ्रिकानर, म्हणजे बोअर वंशाच्या, शेतकरी कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. घरातल्या आजींना सगळे टॅनी म्हणतात, मीही तसंच म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, पण मेंढ्या मोजायला अजून स्वतः उभ्या राहतात. त्यांच्याकडे एक हातानं कोरलेली लाकडी पेटी आहे. झाकणावर वेलबुट्टी, मधोमध नावाची आद्याक्षरं आणि खाली ‘अहमदनगर १९०२’. अक्षरं सुबक आहेत, पण शेवटच्या दोनाला जागा कमी पडल्यानं तो दाटीवाटीनं बसवलेला दिसतो. युद्धकैदी वेळ घालवायला अशा पेट्या, काठ्या, पाइप कोरत असत.

पार्श्वभूमी थोडी. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या युद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या बोअर लोकांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवलं. हिंदुस्थानात सुमारे ९००० जण आले आणि नगर हे त्यातलं मोठं ठिकाण. नेहरूंना ठेवलं त्याच किल्ल्यात चाळीस वर्षं आधी फ्री स्टेटचे, म्हणजे ब्लूमफाँटेन-फिक्सबर्गकडच्या बोअर राज्याचे, शेतकरी बंदिस्त होते, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

आता खरी अडचण. या लोकांत नाव ठेवायची रीत ठरलेली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. मुलींमध्ये पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. एखादं मूल गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच, फक्त जास्त काटेकोर. त्यामुळे एकाच पिढीत एकाच नावाचे चुलतभाऊ निघतात.

आमच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. नावं बदलून सांगते. मूळ पुरुष पेट्रस. त्याचे दोन मुलगे, हेन्ड्रिक आणि योहान्नेस. दोघांनीही आपापल्या पहिल्या मुलाचं नाव पेट्रस ठेवलं. आडनाव एक, वय जवळपास एक, शेतं शेजारी. युद्धात दोघंही पकडले गेले. योहान्नेसचा पेट्रस जुलै १९०० मध्ये ब्रँडवॉटर खोऱ्यात मार्टिनस प्रिन्स्लू हजारो माणसांसह शरण आला तेव्हा सापडला आणि सिलोनला दियतलावाच्या छावणीत गेला. हेन्ड्रिकचा पेट्रस वर्षभर आणखी लढला, १९०१ मध्ये पकडला गेला आणि नगरला गेला. ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयात कैद्यांची सूची आहे, तिच्यात दोघंही सापडले.

टॅनींची आजी नगरच्या पेट्रसची बायको. ब्रिटिशांनी शेत जाळल्यावर तिला मुलांसकट विनबर्गला, बोअर बायकामुलांना कोंडण्याच्या छावणीत नेलं. मोठा मुलगा हेन्ड्रिक तिथेच गोवरानं गेला, एक मुलगी जगली. अशा छावण्यांत सुमारे २८,००० बोअर लोक मेले, त्यातली २२,००० हून जास्त मुलं. केपटाऊन विद्यापीठानं या छावण्यांच्या नोंदी एकत्र केल्यात. मुलाच्या नोंदीसमोर वडील ‘कैदी, हिंदुस्थान’ असं आहे.

टॅनींचे वडील १९०४ चे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचं नाव पेट्रस. पण कुठला पेट्रस? घरात दोन गोष्टी चालत आल्यात. एक म्हणते, तो हिंदुस्थानातून परत आला आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेला. दुसरी टॅनींच्या आत्याची, ती म्हणायची की ‘खरा पेट्रस तिकडेच राहिला’. टॅनींना आयुष्यभर हे कोडं आहे. त्यांना उत्तर हवंय, ते कुठलंही असो.

दुसरी विनंती वेगळी आहे, पण माझ्या लेखी तितकीच महत्त्वाची. हे शेत ज्या जमिनीवर आहे ती १८६५ ते ६८ च्या युद्धात लेसोथोच्या बासोथो लोकांकडून जिंकून घेतलेली, त्या पट्ट्याला नावच ‘जिंकलेला मुलूख’ असं पडलं. फिक्सबर्ग १८६७ मध्ये वसवलं ते त्यावरच. शेतावर दोन दफनभूमी आहेत. एकीत संगमरवरी दगड, नावं, तारखा, बायबलची वचनं. दुसरीत, ओढ्याच्या पलीकडे, नुसते धोंडे रचलेले. तिथे पिढ्यानपिढ्या राबलेल्या बासोथो कुटुंबांची माणसं आहेत. युद्धात त्यांनाही वेगळ्या छावण्यांत कोंडलं होतं, आणि तिथल्या नोंद झालेल्या मृत्यूंचाच आकडा १४,००० च्या वर जातो. शेताचा इतिहास लिहायचा तर या माणसांशिवाय तो अर्धा राहील, हे मी टॅनींना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. तिथे राहणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या चार पिढ्यांची नावं तोंडपाठ सांगतात. त्यांच्यासाठी कागद कुठे शोधावेत?

आडनाव आणि शेताचं नाव इथे लिहीत नाही, लागेल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

प्रतिसाद – भिंगारकर

ताई, मी भिंगारलाच असतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत नेत्यांना ठेवलेल्या खोल्या बघायला मिळतात, पण बोअर कैद्यांच्या खुणा म्हणून काही दाखवलेलं मला आठवत नाही. इथल्या लष्करी छावणीच्या हद्दीतली जुनी ख्रिस्ती दफनभूमी माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. रविवारी चर्च सुटल्यावर तिथल्या माणसाला भेटतो. पूर्ण नाव, वय आणि कैदी क्रमांक पाठवा. स्पेलिंग जितक्या प्रकारे होऊ शकतं तितक्या प्रकारे लिहून द्या, कारण ब्रिटिश कारकून डच नावं कानाला येतील तशी लिहायचे.

प्रतिसाद – जुने कागद

आधी भारतातलं सांगतो. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफन यांच्या वार्षिक नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत, बऱ्याचशा ऑनलाइनही बघता येतात. इंग्लिश पाद्र्यानं दफन केलं असेल तर नाव मिळण्याची शक्यता चांगली. शिवाय मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे १९०१-०२ चे सरकारी पत्रव्यवहाराचे खंड मागा, नावाऐवजी ‘बोअर कैदी’ या विषयाखाली बघा.

पण माझ्या मते तुमचं उत्तर नगरला नाही, ब्लूमफाँटेनलाच आहे. माणूस कुठेही मेला तरी त्याची जमीन फ्री स्टेटमध्ये होती, म्हणजे इस्टेटीची फाइल तिथेच उघडली असणार. त्या फाइलमधली डेथ नोटीस ही तिकडच्या वंशावळीतली सगळ्यात कामाची वस्तू. मृताचे आईवडील, जन्मस्थळ, वय, बायको, हयात मुलं, मृत्यूचं ठिकाण, सगळं एका पानावर. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत फ्री स्टेटचा विभाग निवडा आणि नाव टाका.

आणखी एक. त्या काळच्या रोमन-डच कायद्यात विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल तर अज्ञान मुलांचा वारसाहक्क आधी सुरक्षित करून तसा दाखला द्यावा लागे, त्याला ‘किंडरबेवेइस’ म्हणत. मुलगी जगली होती म्हणता, तर आईचा पुनर्विवाह झाला असल्यास तिच्या नावानं असा कागद झालेला असायला हवा.

शेत शोधताना नुसत्या नावावर जाऊ नका. वेल्टेफ्रेडन, रिटफाँटेन अशी नावं गावोगाव आहेत. नाव, क्रमांक आणि जिल्हा, तिन्ही जुळलं तरच ते शेत.

प्रतिसाद – केपची मावशी

मी बरीच वर्षं केपमध्ये होते आणि तिथल्या मैत्रिणींच्या वंशावळी जुळवायला मदत केली आहे. मला एक विचारायचंय. टॅनींच्या वडिलांचं नाव काय ठेवलं होतं?

नगरचा पेट्रस परत आला असता आणि १९०४ मध्ये त्याला मुलगा झाला असता, तर छावणीत गेलेल्या मुलाचं नाव, म्हणजे हेन्ड्रिक, पुन्हा ठेवलं गेलं असतं. फार तर आईच्या वडिलांचं. पण त्या मुलाचं नाव योहान्नेस असेल, तर तो सिलोनच्या पेट्रसचा पहिला मुलगा, कारण त्याच्या वडिलांचं नाव योहान्नेस. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही बघ. बहुधा आजी-आजोबा किंवा काका-आत्याच असतात, त्यावरून मूल कुठल्या शाखेत वाढलं ते कळतं.

पेटीवर फार विसंबू नकोस. सुटताना कैदी एकमेकांना वस्तू देत, आणि मेलेल्याच्या वस्तू सोबती घरी पोचवत. दोघांची आद्याक्षरं सारखीच असल्यामुळे ती पेटी काहीच सिद्ध करत नाही.

बासोथो कुटुंबासाठी सीमेवरच्या नदीपलीकडे, लेसोथोत बघ. पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे लोक १८३३ पासून मोरिजात होते, तिथे आज संग्रहालय आणि दप्तरखाना आहे. शेतावर राबणारी पुष्कळ माणसं बाप्तिस्म्याला नदी ओलांडून जायची. आणि ते आजोबा सांगतात ते आत्ताच, त्यांच्या आवाजात, सेसोथोतच रेकॉर्ड कर. गाव, वंशचिन्ह, सरदाराचं नाव विचार. कागद नंतरही मिळतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मावशी, टॅनींच्या वडिलांचं नाव योहान्नेस! आईच्या वडिलांचं नाव विलेम होतं, म्हणजे तीही वाट बंद. हे इतके दिवस आमच्यासमोर होतं.

तुमचं वाचून फिक्सबर्गच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या विवाहनोंदी स्कॅनमध्ये पुन्हा बघितल्या, या वेळी १९०३ च्या. जुनी डच आहे, शाई फुटलेली, पण ओळ सापडली. वर पेट्रस, अविवाहित. वधू टॅनींची आजी, नावापुढे विधवा, आणि कोणाची विधवा तर पेट्रसची. आडनाव तेच. नुसतं पाहणाऱ्याला वाटावं की कारकुनानं एकच नाव दोनदा लिहिलं. बाप्तिस्म्याचे साक्षीदार म्हणून योहान्नेस आणि त्याची बायको आहेत.

म्हणजे नगरचा पेट्रस परत आला नाही. त्याच्या चुलतभावानं सिलोनहून येऊन त्याच्या विधवेशी लग्न केलं, मुलीलाही वाढवलं, आणि १९१८ च्या साथीत गेला तो हा. आत्या ही ती पहिल्या पेट्रसची मुलगी, म्हणून तिला ठाऊक होतं.

टॅनींना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ प्रश्न विचारत होत्या, सगळे आत्याबद्दलचे. मग म्हणाल्या, झाडात दोघांनाही घालायचं, दोन वेगळ्या फांद्यांवर, आणि पेटी आत्याच्या नातवाकडे गेली पाहिजे.

जुने कागद, इस्टेट फाइलची मागणी नोंदवली आहे, किंडरबेवेइसचीही. मोरिजाला पत्र लिहिते. रेकॉर्डिंगला आजोबा तयार आहेत. त्यांची नात भाषांतर करेल, पण मूळ सेसोथो तसंच ठेवणार आहोत.

भिंगारकर, आता तुमच्याकडचा भाग जास्त महत्त्वाचा झाला. नाव, वय, कैदी क्रमांक आणि सुचतील ती सगळी स्पेलिंगं व्यनि केली आहेत. थडगं सापडलं तर दगडाचा समोरून एक आणि सकाळच्या तिरप्या उन्हात एक असे दोन फोटो हवेत, झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हात वाचता येतात. दगड नसेल आणि नुसती रजिस्टरमधली ओळ मिळाली तरी चालेल, पण पानाचा पूर्ण फोटो घ्या, वरच्या रकान्यांसकट. आणि मुंबईत पुराभिलेखागारात कोणी नियमित जात असेल तर कृपया इथेच सांगा. १९०१-०२ च्या खंडांचे क्रमांक मिळाले तरी माझं पुढचं काम होईल.